तुमचा नंबर होता, काका

काका,

तुमच्या नावाने कप ठेवणार होते. दरवर्षी लीग संपली की आपल्या बेसबॉल संघातल्या सर्वोत्तम डेझिग्नेटेड हिटरला तो द्यायचा होता. कप्तान समीरने काल तुमच्या शोकसभेत हे जाहीर केलं. शेजारी तुमचा हार घातलेला फोटो होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इथे परदेशातच वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आपल्या कितीतरी रीतिभाती मला कळत नाहीत. पण शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत एवढं मलाही माहीत आहे. हातातल्या कागदी प्लेटमधला समोसा मी नॅपकिनने झाकून टाकला.

डेझिग्नेटेड हिटर! तुम्ही तो शब्दसुद्धा तोंडातून काढत नव्हता. जो बॉल टाकणाऱ्या पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करतो आणि फील्डिंगच्या वेळी सावलीत बसतो, त्याला तुम्ही घरजावई म्हणायचात. "जेवायला पहिल्या पंगतीला, आणि काम निघालं की पोटात दुखतं." टाळ्या चालू असताना मला दिसत होतं: दरवर्षी एका घरजावयाच्या हातात तुमचं नाव कोरलेला कप असणार, आणि तो दात काढून फोटो काढणार.

मला किळस आली. समीरची आली, टाळ्यांची आली, त्या एसी लावलेल्या फंक्शन रूमची आली. पण सगळ्यात जास्त माझी आली. कारण तुमच्या शेवटच्या सामन्यात बॅटिंगचा नंबर तुमचा होता, आणि त्या मैदानावर हे फक्त मला माहीत होतं.

ते मी इथे लिहिणार आहे. तुम्हाला तोंडाने सांगायला माझ्याकडे नऊ दिवस होते. मी सांगितलं नाही.

*

मी चौदा वर्षांची असताना तुम्ही मला आंग मो किओ भागातल्या आपल्या ब्लॉकखाली धरलंत. मी दगडी टेबलाशी एकटी बसले होते, आणि तुम्ही खांद्यावर बॅटची पिशवी घेऊन लिफ्टमधून उतरलात. माझ्या बाबांना तुम्ही ओळखत होता, माझ्याशी कधी बोलला नव्हतात. माझ्याशी कुणीच फार बोलत नसे, कारण मी उत्तर द्यायला इतका वेळ लावायचे की समोरचा कंटाळून निघून जायचा.

"तुला पेन्सिलीने नीट बारीक लिहिता येतं का?"

मी मान हलवली.

"बोलायला आवडत नाही ना? उत्तम. मला असाच माणूस पाहिजे. स्कोअर लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. चला, गुणलेखक बाई."

त्या दिवसापासून दहा वर्षं दर रविवारी मी तुमच्या मागोमाग मैदानावर आले. बेसबॉलची वही तुम्ही मला शिकवलीत. प्रत्येक खेळाडूचा चौकोन, त्यात मैदानाची खूण म्हणून काढलेला हिऱ्याचा आकार, कोणता बॉल कुणी अडवला त्याचे आकडे. शेवटच्या रकान्याला तुम्ही "शेरा" म्हणायचात आणि तो मराठीतच लिहायला लावायचात. "इंग्रजीत लिहिलंस तर सगळे वाचतील, मग तू भिऊन गुळमुळीत लिहिशील. मराठीत खरं लिहिता येईल." मला तेव्हा जोडाक्षरंसुद्धा धड येत नव्हती. तुम्ही बसमध्ये माझे शेरे वाचायचात, हसायचात आणि चुका दुरुस्त करून द्यायचात. आज मी हे मराठीत लिहू शकते ते त्या रकान्यामुळे. शाळेत मला दुसरी भाषा म्हणून हिंदी होती. मराठी मला बेसबॉलने शिकवली, हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात.

जळगावला शाळेत तुम्ही सॉफ्टबॉल खेळलात, पुढे पुण्यात कॉलेजात बेसबॉल. मग इथल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तीस वर्षं. आठ जण गोळा करून तुम्ही संघ काढलात आणि त्याला नाव दिलंत नवरत्न. डोक्यावर पांढरे केस आले तरी पिचर तुम्हीच. तुमचा बॉल वेगवान नव्हता, पण तो शेवटच्या क्षणी असा काही खाली बसायचा की पंचविशीतली मुलं हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घ्यायची.

आणि बॅटिंग? काका, खरं सांगते. तुमची बॅटिंग भयंकर होती. तीन सीझनमध्ये तुमच्या नावावर दोन हिट आहेत. त्यातली एक मी दया येऊन दिलेली आहे. ती समोरच्या फील्डरची चूक होती.

*

म्हणून मी त्या नियमाच्या बाजूने होते. आजही आहे. हे मी तुमच्यापासून कधी लपवलं नाही, तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूने मांडता येईल.

आपला वाद बसमध्ये चालायचा, नाहीतर हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत, तुमची डोशासारखी थोसाई आणि माझा थंड चॉकलेटी माइलो समोर असताना. इतरांसमोर मी बोलायचे नाही, पण तुमच्याशी भांडताना माझी वाक्यं पूर्ण व्हायची.

मी म्हणायचे, ज्याला जे येतं ते त्याने करावं. पिचरने बॉल टाकावा, मारणाऱ्याने मारावा. पिचर बॅट घेऊन आला की अर्धी माणसं पाणी प्यायला उठतात, म्हणजे नवातला एक नंबर फुकट गेला. अमेरिकेतसुद्धा आता सगळीकडे हाच नियम झाला. ऑफिसात टेस्टिंगवाल्याला कुणी डिझाइन करायला बसवतं का?

"ऑफिसात तसं असतं म्हणूनच तर मी रविवारी इथे येतो," तुम्ही म्हणालात. "आठवडाभर मी एकाच चिपचा एकच पाय तपासतो. रविवारीही तेच करू?"

"पण तुम्ही आऊटच होता ना, काका!"

"होतो ना. मग?"

तुमचा खरा मुद्दा वेगळा होता. तो तुम्ही एकदाच नीट सांगितलात, थोसाईचा तुकडा हातात तसाच धरून.

"मी एका सामन्यात शंभरेक बॉल टाकतो. त्यातला एखादा सुटतो आणि कुणाच्या तरी बरगडीत बसतो. मग मीपण तिथे उभं राहायला पाहिजे की नको? त्यांच्या पिचरने माझ्या बरगडीकडे बघायला पाहिजे की नको?"

"म्हणजे सूड?"

"नाही गं. लाज. आपण टाकतो ते दुसऱ्या टोकाला काय होऊन पोचतं, ते बघितलं की हात आवरतो. ज्याला तिथे कधी उभंच राहायचं नाही तो कसाही टाकेल."

मी म्हटलं, ही भावनेची गोष्ट झाली, खेळाची नाही. तुम्ही म्हणालात, बरं, तू मोठी झालीस की बोलू. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मला राग आला, आणि त्या रागात मी जे बोलायला हवं होतं ते राहून गेलं: तुम्ही तिसऱ्या बॉलवर आऊट होऊन, हेल्मेट काढत, हसत परत येता तेव्हा मला बघवत नाही. मी वहीत डोकं घालते. मला तुमच्या हसण्याची लाज वाटते. माझ्या सगळ्या मुद्द्यांखाली एवढंच होतं.

*

मग समीर कप्तान झाला आणि नियम आला.

समीर चांगीच्या बिझनेस पार्कमध्ये बँकेत आहे, बुओना व्हिस्टाला कॉन्डोत राहतो, आणि बॉल खरंच लांब मारतो. हे मान्य करायला हवं. लीगने सांगितलं होतं की ज्या संघाला पाहिजे त्याने डेझिग्नेटेड हिटर घ्यावा. समीरने लगेच ग्रुपवर पोल टाकला. खाली लिहिलं, "मुकुंदकाकांच्या तब्येतीचा विचार करून."

तुमच्या तब्येतीचा! तुमची तब्येत सातही इनिंग उन्हात बॉल टाकण्याइतकी ठणठणीत समजली जात होती. फक्त बॅट उचलली की ती बिघडणार होती.

मी हो म्हटलं. पोलमध्ये नावं दिसतात, तुम्ही माझं नाव पाहिलंत. पुढच्या रविवारी बसमध्ये म्हणालात, "मत दिलंस ते बरं केलंस. विरुद्ध दिलंस तरी चालेल. ऐन वेळी गप्प बसणाऱ्यांची मला चीड आहे."

नियमाच्या पुस्तकातली ती पानं मात्र तुम्ही वाचली नाहीत. बाकी सगळं पुस्तक तुम्हाला तोंडपाठ होतं. मी फोनवर तो भाग उघडून तुमच्यासमोर धरला तर तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. "घरजावयाची कलमं मी वाचत नाही. नऊ जणांचं नाव नवरत्न आहे, दहावा आला तो कुठून? ते तू वाच. तू गुणलेखक आहेस." आणि मग तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात की आमच्या ऋताला अख्खं पुस्तक पाठ आहे, काही अडलं तर तिला विचारा. समोरच्या संघांनासुद्धा सांगितलंत. अंपायरना सांगितलंत.

नियम कागदावर बरोबर होता. मैदानावर तो कसा दिसला ते सांगते. समीर तंबूत खुर्ची टाकून बसायचा, आइसबॉक्सवर पाय, गळ्यात तो छोटा पंखा. तुम्ही उन्हात घामाने निथळत बॉल टाकत असताना तो फोनवर अंगठा फिरवायचा. त्याची पांढरी पँट सामना संपेपर्यंत पांढरीच. नंबर आला की उठायचा, हातांना क्रीम चोळायचा, एक फटका मारायचा, आणि येऊन म्हणायचा, "इम्पॅक्ट, बॉस. इम्पॅक्ट." तो उठून गेला की खुर्चीत क्रीमचा आणि प्रोटीन शेकचा वास राहायचा. मला त्या वासाची किळस यायची. आणि हा माणूस ज्या नियमाने तिथे बसलाय त्याला मी मत दिलंय, हे आठवून जास्त.

तुम्ही मात्र बॅट आणत राहिलात. तंबूमागे उभं राहून हवेत फिरवायचात, आपल्या संघाची बॅटिंग असेल तेव्हा, दर वेळी. हृषीकेश एकदा म्हणाला, "काका, डास मारताय का?" सगळे हसले, तुम्हीही. मी शेऱ्यात लिहिलं होतं, "हृषीकेश मूर्ख आहे." तुम्ही बसमध्ये ते वाचून फक्त मूर्खमधला रफार नीट केलात.

*

आता तो रविवार.

आम्ही दहाच जण आलो होतो. नऊ फील्डिंगला, त्यात तुम्ही पिचर, आणि दहावा समीर. पाचव्या इनिंगमध्ये हृषीकेशचा पाय मुरगळला. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो, ती जागा रिकामी ठेवता येत नाही. दुसरं कुणी नव्हतं. समीर वैतागत उठला आणि हृषीकेशच्या जागी मैदानात गेला. त्याची पँट पहिल्यांदा मळली.

त्या क्षणी काय झालं ते मला माहीत होतं. डेझिग्नेटेड हिटर फील्डिंगला उतरला की ती सोय त्या सामन्यापुरती संपते. पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागते, आणि जो खेळाडू बाहेर गेला त्याचा नंबर पिचरला मिळतो. बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही. कलम साधं आहे. मी ते दहा वेळा वाचलं होतं.

इनिंग संपल्यावर तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. तुम्ही ते कलम वाचलं नव्हतं, पण खेळ तुम्हाला इतका कळत होता की वाचायची गरज नव्हती.

"काय गं, घरजावई कामाला लागला. आता माझा नंबर येतो का?"

"थांबा हं, लिहितेय," मी म्हटलं.

मी काही लिहीत नव्हते. पेन्सिल त्याच चौकोनावर फिरवत होते.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. आम्ही एका धावेने मागे, दोन आऊट, दोन माणसं बेसवर. नंबर हृषीकेशचा. म्हणजे तुमचा. तुम्ही हेल्मेट घालून, बॅट घेऊन तंबूच्या कडेला उभे होता. कुणी बोलावलं नव्हतं, पण उभे होता. समीरने तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, बसा बसा. हृषी मारेल. फक्त मारायचंच तर आहे." हृषीकेश पायाला टेप गुंडाळून लंगडत निघाला.

समोरच्या संघाच्या कोचने हात वर केला. त्यालाही नीट आठवत नव्हतं. "आय थिंक कॅनॉट लाह," तो इथल्या लहेजात अंपायरना म्हणाला. अंपायर अंकल लिम निवृत्त शाळामास्तर. त्यांनी मास्क वर केला आणि ते सरळ माझ्या टेबलाकडे आले.

"स्कोअरर, तो बाहेर गेला होता. आता परत. कॅन ऑर नॉट?"

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. समीरने भुवया उंचावल्या. तुम्ही हेल्मेटखालून बघत होता. तुम्हाला खात्री होती, मी ती तुमच्या तोंडावर पाहिली. ऋताला पाठ आहे. ऋता सांगेल.

मला वाटलं, नाही म्हटलं तर तुम्ही जाल. दोन आऊट आहेत, तीन बॉलमध्ये तुम्ही आऊट व्हाल, आपण हरू, आणि तुम्ही हेल्मेट काढत हसत परत याल. समीर काहीतरी बोलेल. आणि हे सगळं माझ्या एका शब्दाने झालं असेल.

"कॅन," मी म्हटलं.

एवढा स्पष्ट आवाज माझा त्या मैदानावर कधी निघाला नव्हता.

हृषीकेशने तिसऱ्या बॉलवर मारला, बॉल कुंपणापर्यंत गेला, तो लंगडत पहिल्या बेसला पोचला, बेसवरचे दोघं जण घरी, म्हणजे होम बेसला, आले. आपण जिंकलो. समीरने हृषीकेशला उचललं. तुम्ही हेल्मेट काढलंत, काखेत धरलंत आणि टाळ्या वाजवल्यात. त्या दिवशीचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

बसमध्ये तुम्ही नेहमीसारखी वही मागितली नाहीत. आपला स्टॉप यायच्या थोडं आधी म्हणालात, "तो नियम नक्की कसा आहे, ते जरा बघून ठेव गं."

"बघून सांगते," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी वीज पडण्याच्या धोक्याचा भोंगा झाला, सामना रद्द. आपण दोघं हॉकर सेंटरमध्ये तासभर बसलो. पाऊस पडत होता. तुम्ही माझ्या नव्या ऑफिसबद्दल विचारलंत, काकूंच्या गुडघ्याबद्दल बोललात, कॉफीच्या गाळ्यावरून कोपी दोनदा आणलीत. नियमाचं विचारलं नाहीत. तुम्ही वाट बघत होता, मला कळत होतं. मी स्ट्रॉने माइलोतला बर्फ ढवळत बसले. मंगळवारी सकाळी ऑफिसला निघताना लिफ्टपाशी तुमच्या छातीत कळ आली, आणि संपलं.

*

काल समीरच्या कॉन्डोतल्या सभेत त्याने पडद्यावर तुमचे फोटो लावले होते. त्यात त्या रविवारचा होता. तुम्ही हेल्मेट घालून, बॅट घेऊन तंबूच्या कडेला. कुणीतरी फोनवर काढलेला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, सदैव संघाच्या पाठीशी.

समीर म्हणाला, "काकांनी बदल नेहमी हसत स्वीकारला. डेझिग्नेटेड हिटर, आपला डीएच, आला तेव्हा सीनिअर असून त्यांनी एकदाही इगो केला नाही." लोकांनी माना डोलावल्या. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. त्या तुमच्या त्या फोटोकडे बघत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की तो फोटो आनंदाचा आहे.

मग कपाची घोषणा. मग टाळ्या. मग समीर म्हणाला, "आता आपली ऋता दोन शब्द बोलेल. काय गं, बोलशील ना? अॅटलीस्ट आज?" दोघंतिघं हसले.

मी उठले. माईक नको म्हटलं.

"तो फोटो पाठिंब्याचा नाही," मी म्हटलं. "काका तिथे बॅटिंगसाठी उभे होते. नंबर त्यांचा होता. समीर फील्डिंगला गेला तेव्हाच डीएच संपला होता, हृषीकेशला परत येता येत नव्हतं. अंपायरने मला विचारलं, आणि मी खोटं सांगितलं. मला नियम माहीत होता."

सगळ्यांच्या माना हृषीकेशकडे वळल्या.

"मी तर नको म्हणत होतो," हृषीकेश म्हणाला. "समीर म्हणाला जा, म्हणून गेलो."

"ऋता," समीर हळू आवाजात म्हणाला, "आज? इथे? काकूंसमोर?"

"मी लीगलासुद्धा कळवलंय. सकाळी मेल केला."

तेव्हा त्याचा आवाज हळू राहिला नाही. "तुला कळतंय का काय केलंस? ती मॅच गेली तर सेमीफायनल गेली! काका स्वतः असते तर त्यांनी हे केलं असतं का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "शोकसभेत हे काय काढलंय हिने." ते बरोबरच होतं. मी माझं ओझं तुमच्या हाराखाली आणून टाकलं होतं. सगळे माझ्याकडे तशाच किळसेने बघत होते, जशी मी थोड्या वेळापूर्वी त्यांच्याकडे बघत होते. हळूहळू लोक प्लेटांकडे वळले. चटणी कमी पडल्याचं कुणीतरी बोललं. समीरने पडदा बंद केला आणि काकूंसमोर वाकून म्हणाला, "काकू, सॉरी हं. पण कपाचं तेवढं फायनल करू ना? नाव तेच ठेवू."

"नको," काकू म्हणाल्या.

"पण काकू, ऑर्डर..."

"नको म्हटलं ना बाळा."

*

काकूंनी टॅक्सी नको म्हटली. आम्ही दोघी बुओना व्हिस्टाच्या स्टॉपवर बसलो. त्यांनी माझा हात धरला नाही आणि मला त्याचं बरं वाटलं. धरला असता तर मी रडले असते, आणि रडून मोकळं व्हायचा हक्क मला नव्हता.

मी त्यांना सांगितलं की मला अजूनही तो नियम बरोबर वाटतो. का सांगितलं कोण जाणे. बहुतेक आता त्यांच्याशी सगळं खरंच बोलायचं, असं ठरवल्यासारखं. म्हटलं, पिचरने बॅटिंग करू नये असंच माझं मत आहे. काकांना ते कधी पटलं नाही. पण त्या दिवशी तो नियमसुद्धा काकांच्याच बाजूचा होता. मीच नव्हते.

दोन बस गेल्या, आमच्या नव्हत्या.

"दर शनिवारी हॉलमध्ये बॅट फिरवायचे," काकू म्हणाल्या. "मी ओरडायचे, पंखा फोडाल. म्हणायचे, कधी लागलं तर तयारी असलेली बरी." मग माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी गेले असते तर मारला असता का गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांना हवं होतं तेच. आणि तपासायला कोण येणार होतं?

"नाही काकू," मी म्हटलं. "तीन बॉलमध्ये आऊट झाले असते."

काकूंनी मान हलवली. पर्समधून बसचं कार्ड काढलं, हातात घट्ट धरलं.

"तेवढे तीन तरी मिळाले असते," त्या म्हणाल्या.